उत्पलाची लॉगशीट

१ जानेवारी १९८६, बुधवार. सकाळी ६.१०

वॉल्व्ह पुरवणाऱ्या कंपनीकडून ही डायरी मिळाली. आली होती साहेबांसाठी, पण त्यांच्याकडे अशा अकरा जमल्या. पहिल्या पानावरची माहिती भरली. कॉलरचं माप, बुटाचा नंबर, सायकलचा नंबर. रक्तगट माहीत नाही. तिथे 'चांगला' लिहिलं.

यंदा संकल्प एकच. मार्चअखेर उत्पलाला नॉर्मल करणे.

पार्श्वभूमी (पुढेमागे आत्मचरित्र काढलं तर उपयोगी पडेल): उत्पला माझी मुलगी. वय चौदा, नववी अ, कॉलनीचीच शाळा. गणितात शंभरपैकी शंभर, तेही वेळेच्या चाळीस मिनिटं आधी पेपर देऊन. मराठी निबंधात शून्य. विषय होता 'मी पंतप्रधान झाले तर'. हिने लिहिलं, 'मी होणार नाही.' पूर्णविराम. इतिहासात पहिल्या प्रश्नाचं उत्तर अकरा पानं, बाकी प्रश्न कोरे. वर्गात कानांवर हात ठेवून बसते. विज्ञानाच्या सरांना म्हणाली, मागच्या मंगळवारी तुम्ही याच्या उलट सांगितलं होतं. सरांनी उभं केलं. नंतर 'बस' म्हणायला सर विसरले, तर शाळा सुटल्यावरही ही उभीच. शिपायाने घरी आणून सोडली.

शनिवारी हेडमास्तरांचं पत्र आलं. सुधारणा दिसली नाही तर दहावीत घेणार नाहीत, शाळेचा निकाल खराब होतो. नागपूरला 'अशा मुलांसाठी' बोर्डिंगची शाळा आहे, तिचा फॉर्म सोबत जोडलेला. निर्णय वार्षिक परीक्षेनंतर.

कांताने, म्हणजे माझ्या पत्नीने, पत्र दोनदा वाचून घडी घातली. मेथी निवडत बसली. एक जुडी निवडून झाली, मग निवडलेलीच परत निवडली. मी म्हणालो, माझ्यावर सोड. बॉयलर थंड पडला तर आम्ही तो आठ-दहा तासांत उभा करतो. इथे तर तीन महिने आहेत.

२ जानेवारी

लोकांना वाटतं पॉवर हाऊस कोळशावर चालतं. ते चालतं लॉगशीटवर. दर तासाला पॅनलवरची बहात्तर मीटरं वाचायची आणि आकडे चौकटीत लिहायचे. बारा वर्षं हेच करतो आहे. माझ्या अक्षराची तारीफ मुंबईच्या इन्स्पेक्शनवाल्यांनी केली होती.

उत्पलाची लॉगशीट आखली. दिवसाचे चोवीस रकाने. झोप, जेवण, बोललेले शब्द, कान झाकले (किती वेळा), मूड (दहापैकी). शेवटी रिमार्क्स.

आता नॉर्मल म्हणजे किती, हे ठरवायला एक चांगलं चालणारं युनिट पाहिजे. शेजारच्या देवाजी मडावीची मुलगी सीता निवडली. देवाजी माझ्याच शिफ्टला, पॅनलवर माझ्या बाजूलाच असतो. सीता उत्पलाच्या वयाची. दोन तास कुंपणापलीकडून निरीक्षण केलं. सिनेमाची गाणी: सहा. विनाकारण हसणे: अकरा. आईशी भांडण: दोन. हा झाला सेट पॉइंट.

देवाजीने विचारलं, "श्रावणभाऊ, माह्या पोरीकडे काऊन पाहून राह्यले?" खुलासा केला. त्याने सीताला घरात बोलावून घेतलं. त्याला सायन्सची आवड कमी.

४ जानेवारी

अडचण. मी ड्यूटीवर असताना रीडिंग कोण घेणार? कांताला सांगितलं. ती म्हणाली, "मले भात टाकाचा हाये." मी म्हणालो, भात टाकूनही तासाला एकदा बघता येतं. म्हणाली, "तुमचं मीटर तुमी पाहा जी."

उपाय सापडला. कंट्रोल रूममधली मान्य पद्धत. युनिट शांत चालत असेल तर जुने ऑपरेटर एका तासाचं रीडिंग पुढच्या तासांत ओढतात. बसल्या जागी आठ तासांची शीट तयार. यात फसवणूक नाही, अनुभव आहे. ड्यूटीवर जाण्याआधी उत्पलाची रात्री दहापर्यंतची शीट भरून टाकली. मूड सगळीकडे सात. ग्राफ काढला. फारच स्थिर मुलगी.

९ जानेवारी

कानांच्या डॉक्टरांकडे चंद्रपूरला गेलो. कंपनीच्या बसमध्ये डाव्या बाजूची तिसरी, खिडकीची सीट माझी. सगळ्यांना माहीत आहे. उत्पला आधी चढली आणि तिथे बसली. मी म्हणालो ऊठ. ती म्हणाली, तिसरीच पाहिजे. मी म्हणालो, मलाही तिसरीच पाहिजे. बस सात मिनिटं थांबली. शेवटी ड्रायव्हरने आम्हा दोघांना त्याच सीटवर बसवलं. माझं तिसऱ्या सीटवर बसणं ही शिस्त आहे. तिचा हट्ट आहे. हा फरक तिला समजावत गेलो. ती खिडकीतून कोळशाचे ट्रक मोजत होती.

डॉक्टर म्हणाले, कान उत्तम, जरा जास्तच उत्तम. उलट मला म्हणाले, तुम्ही हळू बोला.

११ जानेवारी

शिफ्ट वाईट गेली. फ्रिक्वेन्सी दिवसभर अठ्ठेचाळीस पॉइंट सहावर. (आत्मचरित्रासाठी खुलासा: वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, घ्यायला हवेत. राज्यभर पंप आणि दिवे लागले की ती दमते आणि आकडा खाली येतो. फारच खाली आला की एकेका भागाची लाईट आपोआप कापली जाते.)

थकून घरी आलो. उत्पला ट्यूबलाईटखाली कानांवर हात ठेवून बसलेली. 'अठ्ठेचाळीस सहा, अठ्ठेचाळीस सहा' म्हणत होती. आठवडाभर हेच चाललंय, रोज नवा आकडा. काळजी वाटते. रिमार्क्स: निरर्थक आकडे बोलते.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. हेडमास्तर भेटले. मी नजर चुकवली. त्यांनी हात हलवला आणि हसले. आश्चर्य. पत्रानंतर शाळेकडून एकही तक्रार नाही. लॉगशीटचा परिणाम तीन आठवड्यांतच दिसतो आहे. रेशनच्या लाईनीत कुणी विचारलं तर पद्धत सांगायची, पण आपणहून नाही.

३ फेब्रुवारी

आता संभाषण. मुलगी माणसांशी बोलत नाही, बोलली तर चुका दाखवते. तीन प्रश्न पाठ करून घेतले. घरी कुणी आलं की विचारायचं: एक, तब्येत कशी आहे? दोन, जेवण झालं का? तीन, पाऊसपाणी कसं काय?

संध्याकाळपर्यंत दूधवाला, पोस्टमन आणि मीटर रीडर यांना विचारून झालं. फेब्रुवारीत पाऊसपाणी विचारल्यावर पोस्टमनने पत्रावरचा पत्ता परत वाचला.

५ फेब्रुवारी

देवाजीची आई सुकरीबाई धानोऱ्याकडच्या गावातून आली आहे. आमच्याकडे ताक मागायला आली होती. उत्पलाने तिला तब्येत विचारली. लोक विचारतात आणि पुढे जातात. ही विचारून उत्तरासाठी थांबली. मी हे शिकवलं नव्हतं.

सुकरीबाईने उत्तर दिलं. पावणेदोन तास. उजवा गुडघा, डावा गुडघा, मोहफुलं वेचताना लागलेला काटा, मेलेला नवरा, जिवंत असलेली सून. उत्पलाने सगळं वहीत लिहून घेतलं आणि शेवटी म्हणाली, तुम्ही काटा आधी एकोणीसशे बासष्टमध्ये लागला म्हणालात, नंतर त्रेसष्टमध्ये. म्हातारी हरखली. म्हणाली, "माह्या घरी कोनी आयकत नाई वं माय. तू चूकबी पकडतेस."

८ फेब्रुवारी

सुकरीबाई रोज येते आहे. आज माझ्या खुर्चीवर बसली होती. जेवण गेलं नाही. कांताला म्हणालो, खुर्ची ठरलेली असावी, भात एकीकडे, भाजी एकीकडे, भोंगा वेळेवर, मग माणूस सरळ चालतो. हल्लीच्या मुलींत हीच शिस्त नाही. कांता ताटात वाढत होती. माझ्याकडे बघितलं, उत्पलाकडे बघितलं आणि आत जाऊन हसली. कशाला, ते सांगितलं नाही.

८ मार्च

मूडची सरासरी ७.०. दोन महिने एकदाही ढळली नाही. इतकं स्थिर युनिट महाराष्ट्रात नसेल. देवाजीला ग्राफ दाखवला. तो म्हणाला, "ही रेघ तं फुटपट्टीची हाये, भाऊ." मत्सर.

२५ मार्च

परीक्षा आठवड्यावर. निबंध कमीत कमी दोन पानं झालाच पाहिजे, असं बजावलं. ती म्हणाली, लिहिणार. मी विचारलं, कसा? म्हणाली, इंदुताईंनी सांगितलंय. (इंदुताई मराठी शिकवतात.) इंदुताईंचं काय ते असेल, पण पाया माझा.

६ एप्रिल

परीक्षा संपली. पेपर कसे गेले विचारलं. "गेले," म्हणाली.

पेपरांवर अवलंबून राहणं धोक्याचं. निर्णय हेडमास्तरांच्या हातात. आणि आज मोठी संधी सापडली. चौदा एप्रिलला विहारासमोर जयंतीचा कार्यक्रम आहे. मुलांची वक्तृत्व स्पर्धा, परीक्षक म्हणून हेडमास्तर. त्यांच्यासमोर उत्पला दहा मिनिटं न अडखळता बोलली की विषय संपला. भाषण मी लिहिणार. विषय: शिक्षण.

कांताला सांगितलं. ती म्हणाली, "राहू द्या न जी. कायले पोरीले माइकसमोर उभं करता?" म्हटलं, तुला बोर्डिंग पाहिजे का? ती काहीतरी बोलायला लागली होती, पण भोंगा झाला. मला बस पकडायची होती.

११ एप्रिल

भाषण नऊ पानी झालं. निळ्या शाईने मजकूर, लाल शाईने सूचना. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे कुणाकडे बघायचं. काही वाक्यं रागाच्या भरात लिहिली गेली होती, ती खोडली. खोडलेलं नीट वाचता येतं, पण खोडलेलं ते खोडलेलं.

१३ एप्रिल

उत्पलाने भाषण एकदाच वाचलं. म्हणाली, पाठ झालं. मी पहिलं पान म्हणायला लावलं. एक स्वल्पविराम चुकला नाही.  डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. बाकी आठ पानं तपासली नाहीत. पहिलं रीडिंग बरोबर असलं की पुढचीही तीच. उद्याची शीट आत्ताच भरून ठेवली. भाषण: उत्तम. टाळ्या: भरपूर. हेडमास्तर: प्रभावित.

१४ एप्रिल, सोमवार. रात्री ९

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

निळे झेंडे, पताका, स्टेजवर ट्यूबलाईट, सगळी कॉलनी हजर. कांता पहिल्या रांगेत. मी रजा टाकली होती. देवाजी ड्यूटीवर होता, पण सुकरीबाई आणि सीता आल्या होत्या. हेडमास्तर स्टेजवर, टेबलामागे. उत्पला पांढरी साडी नेसली होती. 'जय भीम' म्हणून सुरुवात केली. पहिलं पान उत्तम.

दुसऱ्या पानावर ती म्हणाली, "इथे पाणी पी." आणि थांबली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी पेला आणून दिला. ती प्यायली. पुढे म्हणाली, "इथे टाळ्यांसाठी थांब." थांबली. लोकांनी घाबरून टाळ्या वाजवल्या.

तिने लाल शाईही पाठ केली होती. मला वाटलं जमीन दुभंगावी. स्टेजवर जाऊन तिला उतरवणार होतो, पण उलट दिशेला चालायला लागलो.

तिसरं पान: "हेडमास्तरांकडे बघ. खोडलेलं वाक्य: काही मास्तरांच्या डोक्यात मेंदूऐवजी बॉयलरची राख भरलेली असते. खोडलेलं संपलं." हेडमास्तरांनी पेन खाली ठेवलं.

पाचवं पान: "हा मुद्दा कांताला दाखवू नये. बायकांना मुलं वाढवण्याची सायंटिफिक दृष्टी नसते, ती वडिलांनाच ठेवावी लागते." बायकांच्या बाजूने पहिल्यांदाच स्वतःहून टाळ्या आल्या. पण त्या टाळ्या वेगळ्या होत्या. कांताने मागे वळून मला शोधलं. मी जनरेटरच्या मागे होतो.

सहाव्या पानावर उत्पला मध्येच थांबली. लाल शाईत तिथे थांबायचं नव्हतं. तिने दोन्ही हात कानांवर घेतले. माइकमध्ये म्हणाली, "सत्तेचाळीस आठ. आता जाते." कोण जाते, कुणाला कळलं नाही. मी मनात चार मोजले असतील. लाईट गेली. सगळी कॉलनी काळी. जनरेटर चालवणारा चहा प्यायला गेलेला.

अंधारात कुजबुज, लेकरांचं रडणं. मग तिचा आवाज आला. माइक नाही, काही नाही. सातवं पान, आठवं, नववं. असा आवाज तिच्यात आहे हे मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं. मैदानाच्या टोकापर्यंत लख्ख ऐकू येत होता. लाल सूचनांसकट बोलली, पण शेवटी शेवटी लोकच म्हणायला लागले, 'आता पाणी पी.' आणि हसत होते. तिला ते आवडलं असावं. अंधारात दिसलं नाही.

१५ एप्रिल

देवाजी सकाळी सात वाजता दारात. काल रात्री दहाला ड्यूटी संपवून घरी गेला होता. म्हणाला, काल संध्याकाळी सात बेचाळीसला फ्रिक्वेन्सी सत्तेचाळीस पॉइंट आठ होती. चार्टवर आहे. "माय सांगत होती, पोरगी आधीच बोलली. श्रावणभाऊ, तुमच्या पोरीच्या कानात मीटर हाये. ट्यूबलाईटची घरघर आयकून सांगते ते."

मी म्हणालो, मला पहिल्यापासून शंका होतीच.

तो गेल्यावर लॉगशीटा काढल्या. जानेवारीपासूनचे रिमार्क्स बघितले. 'निरर्थक आकडे.' अठ्ठेचाळीस सहा, एकोणपन्नास एक, अठ्ठेचाळीस तीन. ड्यूटीच्या नोंदींशी जुळवले. सगळे बरोबर. म्हणजे मी घरी बसून रीडिंग घेतलं त्या दिवसांचे. बाकी दिवशी जुळवायला काही नाही, कारण तिथे मूड सात आहे.

लाज वाटली. चौदा वर्षं ती ट्यूबलाईट तिच्या डोक्यावर घरघरते आहे, आणि मी कान झाकल्याच्या खुणा मोजत होतो.

दुपारी घरातल्या सगळ्या ट्यूब काढून बल्ब लावले. स्टुलावरून पडलो. कांताने हळद लावली. पाचव्या पानामुळे असेल, जरा जोरातच लावली.

१६ एप्रिल

कितीही म्हटलं तरी हेडमास्तरांच्या डोक्यात राख भरली ती मीच. आता ते कशाला दहावीत घेतील? चूक माझी, शिक्षा तिला. नागपूर अटळ दिसतं.

२४ एप्रिल

रजा टाकून नागपूरला ती शाळा बघून आलो. माणसं चांगली आहेत, भिंती स्वच्छ. झोपायच्या हॉलमध्ये छताला चव्वेचाळीस ट्यूबलाईट. सवयीने मोजल्या. तिथल्या बाई माहिती देत होत्या आणि मला एकदम ती घरघर ऐकू आली. बारा वर्षं विजेच्या कारखान्यात काढली, कधी ऐकू आली नव्हती. एकदा आली ती थांबेना.

पायरीवर जाऊन बसलो. मला तिला पाठवायचं नाही. नॉर्मल झाली नाही तरी चालेल. तिसऱ्या सीटवर कोण बसेल मग? असं काहीतरी मनात आलं आणि लहान मुलासारखं रडू आलं. चपला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "लेकरू कोनतं तुमचं?" म्हटलं, इथलं नाही.

घरी येऊन कांताला म्हटलं, हेडमास्तरांच्या पाया पडतो. ती स्वयंपाक करत होती. म्हणाली, "निकाल लागू द्या जी आधी." इतकं थंड काळीज कसं असतं या बाईचं?

१ मे, गुरुवार. दुपारी १२.३०

निकाल. उत्पला पास. मराठी निबंध वीसपैकी तेरा. प्रगतिपुस्तकावर 'वर्ग दहावीत बढती', खाली हेडमास्तरांची सही.

विश्वास बसेना. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन संपल्यावर सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेलो. तीन पानी माफीनामा तयार होता. दुसऱ्या ओळीलाच त्यांनी थांबवलं. म्हणाले, अहो खोब्रागडे, हे तर जानेवारीतच मिटलं.

मी म्हणालो, काय?

म्हणाले, तुमच्या मिसेस आल्या होत्या की, संक्रांतीच्या आधी. दोन दिवस वर्गाबाहेर बसून बघत होत्या. मग इंदुताईंना घेऊन माझ्याकडे आल्या. मिसेस म्हणाल्या, पोरीला ट्यूबच्या आवाजाचा त्रास होतो, बाकी काही नाही. मग उत्पलाचा बाक दाराशी, व्हरांड्याच्या उजेडात हलवला. सरांची चूक दिसली तर चिठ्ठीवर लिहून तास संपल्यावर द्यायची. विज्ञानाच्या सरांनी आता त्या चिठ्ठ्यांची फाईल केली आहे. निबंधाला इंदुताई पाच प्रश्न लिहून देतात, ती त्यांची उत्तरं लिहिते, झाला निबंध. जानेवारीनंतर तक्रार नाही. नागपूरचा फॉर्म तुमच्या मिसेसनी माझ्यासमोरच फाडला. "तुम्हाला माहीत नाही?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, आहे ना, फक्त तारीख पक्की करायला आलो.

मग म्हणाले, तुमच्या मिसेस फार समजूतदार. मी घाबरलो होतो, कसं जमेल म्हणून. तर त्या काय म्हणाल्या, ते त्यांनी आमच्या बोलीतच सांगितलं: "घाबरू नोका सर. असंच एक मोठं मानूस माह्या घरी सोळा वर्षांपासून हाये. खुर्ची बदलली का त्याचा दिवस खराब होते. मले सवय झाली, तुमालेबी होईल."

राखेचा उल्लेख एवढाच: मी निघताना त्यांनी फक्त डोक्यावरून हात फिरवला, स्वतःच्या.

दुपारी २

मोठं माणूस कोण? घरात आम्ही तिघंच. बहुतेक सासूबाई. त्या ब्रह्मपुरीहून येतात आणि फार हट्टी आहेत. पण येतात वर्षातून पंधरा दिवस. सोळा वर्षं कशी होतील? हिशोब जुळत नाही.

संध्याकाळी ६

कांताला विचारलं, मला का नाही सांगितलंस? मी चार महिने जिवाचं रान केलं. नागपूरला जाऊन रडून आलो.

तिने हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली, रडले ते माहीत नव्हतं. मग म्हणाली, "तुमी ड्यूटीवर गेले का मी ट्यूब बंद करून कंदील लावत होती. पन तुमाले सांगतलं असतं तं तुमी लॉगशीट घेऊन शाळेत गेले असते."

हे मात्र खरं. गेलो असतो.

"आन् एकदा सांगाले गेली तं तुमचा भोंगा झाला. मंग वाटलं, असू द्या. तुमी खुश होते. पोरगीबी खुश होती. बाबा आपल्याजोळ येऊन बसते, पेन घेऊन पाहाते, म्हने. आधी कधी बसले होते जी तुमी?"



संध्याकाळी ७.१५

उत्पलाला विचारलं, तू तरी सांगायचंस. शाळेत सगळं बदललं आणि बापाला पत्ता नाही.

ती म्हणाली, "तुमी विचारलं नाई, बाबा."

मी म्हणालो, दिवसातून चोवीस वेळा विचारत होतो.

म्हणाली, "झोप, जेवन, शब्द, कान, मूड. शाळा नव्हती त्यात."

नव्हती. आठवून बघितलं. खरंच नव्हती.

खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. वही नाही, पेन नाही. विचारलं, आता सांग. शाळेत कसं वाटतं गं तुला?

तिने भाताचा घास घेतला. म्हणाली, "सांगते. पन आत्ता नाई. मी जेवून राह्यली."

रात्री ८.०५

भात संपला. वरण बाकी आहे. थांबलो आहे.